फोनमधला ठेवा आणि दोन घातक समजुती

आपल्या सुशिक्षित समाजांत अलीकडे दोन विलक्षण समजुती रूढ झाल्या आहेत. फोनवर घेतलेलीं छायाचित्रें व चित्रफिती आपोआप 'वर' जातात, तेव्हां तीं सुरक्षितच आहेत, असें एक पक्ष मानतो. ज्याच्या घरीं संगणक नाहीं त्यानें जतनाची भाषाच करूं नये, असें दुसरा पक्ष बजावतो. पहिली समजूत आळसाची आहे, दुसरी अहंकाराची. आणि दोहोंचा परिणाम मात्र एकच, तो म्हणजे कुटुंबाचा ठेवा नाहींसा होणें.

पहिल्या पक्षाचा विचार प्रथम करूं. 'वर' म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रांत व दुसऱ्याच्या अटींवर. सन २०१५ मध्यें गूगलनें छायाचित्रांची सेवा सुरू केली, तेव्हां किंचित् आकुंचित केलेल्या चित्रांस मोफत व अमर्याद जागा देऊं केली होती. १ जून २०२१ पासून नवीं चित्रें १५ जीबींच्या हिशेबांत धरलीं जाऊं लागलीं, आणि त्याच हिशेबांत ई-मेलचाही वांटा होता. दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक खातीं पुसून टाकण्याचें धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलांत आलें. व्यापाऱ्यानें आपल्या सोयीनें अटी बदलाव्या, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. परंतु माणूस वारल्यावर त्याचें खातें कोण उघडणार, ह्याचा विचार न करतां त्याच्या आवाजाची एकमेव फीत त्याच खात्यांत राहूं देणारे आप्त पाहिले, म्हणजे नवल वाटल्यावांचून राहत नाहीं.

ह्याहून मोठा घोटाळा निराळाच आहे. फोन आणि 'वर'चा संग्रह हीं दोन स्वतंत्र ठिकाणें आहेत असें आपण समजतों. पण त्या दोहोंचा मेळ यंत्र सतत घालीत असतें. जागा मोकळी करण्यासाठीं त्या ॲपमधून चित्र पुसलें, कीं तें दोन्हीकडून जातें. गूगलकडे जतन झालेलें चित्र कचरापेटींत ६० दिवस राहतें. आयक्लाउडमध्यें ती मुदत ३० दिवसांची. मुदत सरल्यावर गाऱ्हाणें ऐकावयास कोणी नाहीं. जें एका बोटानें दोन्हीकडून नाहींसें होतें, त्यास दुसरी प्रत म्हणणें ही शुद्ध आत्मवंचना होय.

दुसऱ्या पक्षाचा तोरा तर अगदींच निराधार आहे. आज असंख्य घरांत फोन हेंच एकमेव यंत्र आहे. त्या घरांतील बारशाचें चित्र संगणकवाल्याच्या घरांतील बारशाहून कमी मोलाचें कां? अँड्रॉइड प्रणालींत बाहेरील साठवण जोडण्याची सोय पूर्वींच आली. आयफोनला ती २०१९ च्या आयओएस १३ पासून मिळाली. चार्जिंगच्या खोबणींत बसेल असा पेन ड्राइव्ह, किंवा साध्या पेन ड्राइव्हला लहानसा ओटीजी जोड, एवढें साहित्य पुरतें. अँड्रॉइडवर 'फाइल्स'मध्यें 'डीसीआयएम' हें फोल्डर उघडून त्यांतील सर्व कांहीं 'कॉपी' करावें. 'मूव्ह' करूं नये. व्हॉट्सॲपवरून आलेलीं चित्रें निराळ्या फोल्डरमध्यें असतात, तीं विसरूं नयेत. आयफोनवर चित्रें निवडून 'सेव्ह टू फाइल्स'नें पेन ड्राइव्हवर धाडावीं. चार जीबींहून मोठी फीत नाकारली गेली, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे असें समजावें, व तो रिकामा असतांनाच एक्सफॅट पद्धतीनें फॉरमॅट करून घ्यावा. शेवटीं दहापांच चित्रें व एखादी फीत पेन ड्राइव्हवरूनच उघडून पाहावी. ह्यांत संगणकावांचून कोठें अडलें, तें त्या विद्वानांनीं सांगावें.

'पेन ड्राइव्हही बिघडतो,' असा आक्षेप येईल. तो खराच आहे. वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास त्यांतील माहिती क्षीण होऊं शकते. म्हणूनच पेन ड्राइव्ह दोन असावे, एक आपल्या कपाटांत व एक दुसऱ्या घरीं. आणि दर वर्षीं ते उघडून पाहावे. 'वर'चा संग्रहही खुशाल ठेवावा, पण तिसरा म्हणून. आपल्या जुन्या पोथ्या टिकल्या, त्या घरोघरीं व मठोमठीं नकलून घेतल्या म्हणून. उलट आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'चाही कांहीं भागच उरला आहे. ज्या चित्रपटांसाठीं लोकांनीं तिकिटें काढलीं त्यांची ही गत, तर घराबाहेर जिला कोणी विचारीत नाहीं ती आजीच्या ओवीची फीत कोण राखणार?

ती राखण्याचें काम कोणत्याही कंपनीचें नाहीं. तें घरच्या माणसाचें आहे. दसऱ्यास आपण हत्यारांची व यंत्रांची पूजा करतों. येत्या दसऱ्यास फोनला फूल वाहण्यापूर्वीं त्यांतील ठेव्याच्या दोन प्रती काढाव्या. दोन पेन ड्राइव्ह आणि एक दुपार, एवढाच त्याचा खर्च. तेवढाही ज्यास जड वाटेल, त्यानें पुढें हळहळण्याचा अधिकार आजच सोडून दिला, असें आम्ही समजूं.