अंगी लागलेला ग्रॅम

'खातो भरपूर, पण अंगी लागत नाही,' अशी तक्रार आपल्याकडच्या आया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. प्रथिनांच्या बाबतीत तरी ही तक्रार अगदी शास्त्रीय आहे. सरकारी आहाराच्या तक्त्यात मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

पाकिटावर 'प्रोटीन २० ग्रॅम' छापलेलं असतं, तेव्हा बहुतेक वेळा मोजलेला असतो तो नायट्रोजन. केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली तो मोजायची रीत काढली. आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की झालं प्रोटीन! २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच पळवाटेचा फायदा घेतला. त्यात नायट्रोजन भरपूर आणि प्रोटीन शून्य. लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली.

भेसळ नसली तरी प्रश्न उरतोच. पोटात गेलेल्यातलं पचलं किती? जुना हिशोब सरळ होता: उंदराला खायला घाला, विष्ठेत किती नायट्रोजन उरला ते बघा, जो दिसत नाही तो पचला. १९९१ पासून जगभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. पण प्रथिनं शोषली जातात लहान आतड्यात. तिथून न पचता पुढे गेलेल्या मालावर मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात. म्हणजे खाल्लं जिवाणूंनी आणि जमा झालं आपल्या नावावर! म्हणून २०१३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने लहान आतड्याच्या शेवटाशी मोजा, अशी शिफारस केली. आता जिवंत, धडधाकट माणसाच्या आतड्याच्या टोकाशी जाऊन कोण मोजणार?

इथे बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतल्या मंडळींनी मोठं देखणं काम केलंय. मुगाच्या, हरभऱ्याच्या रोपांना जड पाणी घातलं, म्हणजे दाण्यातल्या प्रथिनावरच खूण बसली. ते शिजवून माणसांना दिलं. सोबत वेगळी खूण असलेलं, पचन आधीच ठाऊक असलेलं दुसरं प्रोटीन दिलं. मग रक्तात दोन्ही खुणांचं प्रमाण ताडून पाहिलं. अंड्याचं पचन ९० टक्क्यांच्या आसपास आलं. हरभरा आणि अख्खा मूग ६० च्याही खाली. मुगाची साल काढली तर आकडा साधारण १० ने वर चढला. (सालीसकट उसळच पौष्टिक, असं ठासून सांगणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. सालीत तंतू आहेत, ते वेगळं.)

आता आपल्या कर्नाटकातल्या शाळेचं 'अक्षर दासोह' घ्या. प्राथमिकच्या मुलाला दुपारच्या जेवणात १२ ग्रॅम प्रथिनं, हा देशभरचा नियम. डाळ २० ग्रॅम. तेवढ्या मुगात कागदावर जवळपास ५ ग्रॅम प्रथिनं. अख्खा मूग असेल तर शोषली जातात ती ३ ग्रॅमही नाहीत. अंड्यात ६, त्यातली ५ च्या वर पोराच्या अंगी लागतात. आणि अंडं न खाणाऱ्याला पर्याय काय, तर केळं! केळ्यात प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम. ते कितीही पचलं तरी काय उपयोग? शेंगदाण्याची चिक्की त्यातल्या त्यात बरी.

कुणाच्या ताटात काय असावं, हा वाद मला घालायचा नाही. अंडं नको असेल त्या मुलाला दूध द्या, सालपटं काढलेली डाळ जास्त द्या. पण दोन गोष्टी 'समान पर्याय' म्हणून एका ओळीत लिहिताना पचनाचा आकडा बघायला हवा. घरी चार पदार्थ खाणाऱ्या मुलाला फरक पडत नाही. ज्याचं दिवसातलं धड जेवण म्हणजे शाळेतला भात आणि सांबार, त्याच्या बाबतीत कागदावरचा ग्रॅम आणि अंगातला ग्रॅम यांतलं अंतर त्याच्या उंचीत दिसू शकतं. तक्त्यात 'प्रथिने' या रकान्याशेजारी 'पचणारी प्रथिने' असा आणखी एक रकाना छापायला फार खर्च येत नाही. मुगाचे, हरभऱ्याचे, अंड्याचे आकडे तर बंगळुरात तयारच आहेत.