फॉर्मवरचे ते वाक्य खोडा

हिवाळी स्पर्धांचे फॉर्म निघाले की आमच्याकडे एका विशिष्ट तक्रारीची पत्रे येतात. यंदा ती भंडारा जिल्ह्यातून जास्त आली. गावे तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर अशी वेगवेगळी, पण गाऱ्हाणे एकच. कॅन्सरचा उपचार संपला आहे, फॉलोअप सुरू आहे, आता पुन्हा धावायचे आहे. प्रशिक्षक म्हणतात, फिटनेस सर्टिफिकेट आणा. गावचे डॉक्टर म्हणतात, उपचार झाला तिथून आणा. नागपूरच्या ओपीडीत सांगतात, धावण्याचे सर्टिफिकेट आम्ही देत नाही, तुमच्या जिल्ह्यात घ्या. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी जाते, शिवाय बसभाडे.

पत्रांसोबत आलेले फॉर्म आम्ही वाचले. बहुतेकांवर डॉक्टरने सही करायचे वाक्य असे आहे : ‘सदर व्यक्ती कोणत्याही आजाराने ग्रस्त नाही.’ ज्याचा पाच वर्षांचा फॉलोअप चालू आहे, त्याच्यासाठी कोणता प्रामाणिक डॉक्टर या वाक्याखाली सही करील? आणि ज्याने कधी बीपीसुद्धा मोजलेले नाही, त्याला तीच सही दोन मिनिटांत मिळते. परिणाम आपण सगळे पाहतो. खरे सांगणारा घरी बसतो. लपवणारा रांगेत उभा राहतो आणि त्याच्या शरीरात काय झाले आहे हे प्रशिक्षकाला कळतच नाही. सुरक्षिततेच्या नावाने छापलेले वाक्य सर्वांत जास्त धोका असलेल्या माणसाला आत घेते. संयोजकांना हे कळवून झाले आहे. ‘फॉर्म वर्षानुवर्षे हाच आहे’ हे त्यांचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक नेमकेपणाने समजून घ्यावा लागतो, कारण इथे खर्रा आहे आणि खर्ऱ्यामागे तोंडाचा कॅन्सर आहे. जबड्याचे हाड काढले की अनेकदा पायातील फिब्युला काढून नवा जबडा बांधतात. म्हणजे आपल्याकडे येणारा धावपटू तोंडाचा रुग्ण असला तरी एका पायात फिब्युलाचा मधला भाग नसलेला धावपटू असू शकतो. घोट्याच्या स्थैर्यासाठी खालचे सहा ते आठ सेंटीमीटर हाड सर्जन ठेवतात आणि वजन मुख्यतः टिबियाच पेलते, त्यामुळे धावणे अशक्य नाही. पण अंगठा खाली दाबणारा स्नायू अशक्त राहतो, टेक-ऑफ कमी पडतो, घोटा बाहेरच्या बाजूला लचकतो. एका पायावर उभे राहणे आणि टाचा उचलणे जमण्याआधी या माणसाला बांधावरच्या उंचसखल वाटेवर पळवायचे नसते. मानेच्या गाठी काढताना अकराव्या नसेला इजा झाली असेल तर खांदा खाली पडतो आणि हाताचा झोका बिघडतो. ट्रॅपेझियसचे काम आधी, किलोमीटर नंतर.

रेडिएशनने लाळ आटते. वैनगंगेकाठी मार्चपासूनच उन्हाचा चटका बसतो. अशा माणसाला पाण्याची बाटली कायम सोबत लागते, पुढच्या चौकातल्या पाण्याच्या स्टॉलवर भागत नाही. मानेला रेडिएशन झालेल्याचा वेग महिनोन्महिने वाढत नसेल तर ‘मेहनत कमी पडते’ म्हणण्याआधी टीएसएच करून घ्या, थायरॉइड मंदावलेले असू शकते. सिस्प्लॅटिन घेतलेल्याला मॅग्नेशियम कमी होऊन पेटके येतात आणि मूत्रपिंडावरही परिणाम झालेला असू शकतो. सरावानंतर आपल्या बॅगेतून डायक्लोफेनॅकची गोळी काढून देणाऱ्या प्रशिक्षकांना आमचे स्पष्ट सांगणे आहे : ही सवय सोडा. या धावपटूच्या बाबतीत ती गंभीर चूक ठरेल.

स्तनाच्या कॅन्सरनंतर येणाऱ्या स्त्रियांना डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब दिले होते का हे विचारा, आणि दिले असेल तर टूडी एको पाहा. हाताला सूज येईल म्हणून वजन उचलू द्यायचे नाही ही समजूत २००९च्या एका मोठ्या अभ्यासानेच मोडली आहे. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाने सूज वाढली नाही.

व्यायाम हा उपचारानंतरचा छंद आहे असे मानणाऱ्या डॉक्टरांसाठी एवढेच सांगतो. जून २०२५मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरील चॅलेंज या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८८९ रुग्ण होते. केमोनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनी आजार न उलटता जगणारे ८०.३ टक्के होते, केवळ माहितीपत्रक दिलेल्या गटात ७३.९ टक्के. हा निकाल तोंडाच्या कॅन्सरला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण ज्या गटाचा निकाल चांगला आला त्याच्याजवळ नियमित भेटणारा प्रशिक्षक होता, ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसांनी नीट वाचावी.

२०१२च्या सुरुवातीला केमो घेतलेला युवराज सिंग त्याच वर्षी सप्टेंबरात भारताकडून पुन्हा खेळला. त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ, अकादमी असे सगळे होते. लाखांदूरच्या धावपटूजवळ फक्त तुम्ही आहात, पोलीस भरतीच्या मुलांना पहाटे सोळाशे मीटर पळवणारे तुम्ही. तेव्हा त्याला परत पाठवू नका. डिस्चार्ज कार्ड मागा आणि स्वतः वाचा. कोणते औषध, रेडिएशन कुठे, हाड कुठून काढले, हिमोग्लोबिन किती, हे वहीत लिहा. सिकलसेलचेही विचारा, आपल्या पट्ट्यात ते विसरून चालत नाही. सुरुवात चालण्याने करा. बोलता येईल एवढ्याच वेगाने पळवा. ताप, नवी गाठ, रात्रीचे हाडदुखणे किंवा अचानक दम लागणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

संयोजकांनी ते वाक्य खोडून त्या जागी ‘झालेले उपचार व घ्यावयाची काळजी’ अशा चार रिकाम्या ओळी छापाव्यात. त्या भरायला उपचार करणारा डॉक्टर नकार देणार नाही, कारण त्याला जे माहीत आहे तेच लिहायचे आहे. ज्यांचे फॉर्म अजून छापखान्यात गेलेले नाहीत त्यांनी या आठवड्यातच हा बदल करावा आणि एक प्रत आम्हाला पाठवावी. पुढच्या अंकात पहिल्या पानावर तोच नमुना छापू.