द्रुत लयीचा अपराध

‘तंत्र उत्तम, पण आशय मुळींच नाहीं!’ हें वाक्य आम्हीं गेल्या महिन्यांत एकाच संध्याकाळीं निदान सहा जणांच्या तोंडून ऐकलें. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट-मंडळानें त्या दिवशीं टॉम टिक्वर या जर्मन दिग्दर्शकाचा १९९८ सालचा ‘लोला रेन्ट’ हा चित्रपट दाखविला. विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे पालक आले होते, अध्यापक होते, आणि विदेशी चित्रपटांचे जाणकार म्हणून ज्यांची ख्याति आहे असे कांहीं गृहस्थही होते. खेळ संपून मंडळी जिन्यापर्यंत आली तों निकाल लागून गेला होता. तरुणांनीं ‘काय वेग! काय संगीत!’ म्हणून माना डोलविल्या. वडील मंडळींनीं ‘वेगापलीकडे आहे काय?’ म्हणून नाकें मुरडलीं. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी आहेत असें वरवर भासतें. आम्हांस तीं जुळीं भावंडें वाटतात. वेग म्हणजे वरचा मुलामा आणि आशय म्हणजे आंतली वस्तु, हें दोघांनींही गृहीत धरलें आहे. एकास मुलामा पुरतो, दुसऱ्यास पुरत नाहीं, एवढाच काय तो भेद.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. बर्लिन शहरांत मान्नी नांवाचा तरुण एका गुंडाचे १,००,००० मार्क पोंचविण्याच्या कामावर असतो. तिकीट-तपासनीस दिसतांच तो घाबरून भुयारी आगगाडींतून उतरतो. पैशांची पिशवी गाडींतच राहते आणि एका भणंगाच्या हातीं पडते. बाराच्या ठोक्याला पैसे दिले नाहींत तर जीव जाणार! तो आपल्या प्रेयसीस, लोलास, टेलिफोन करतो तेव्हां हातांत मिनिटें उरलीं आहेत २०. लोला धांवत सुटते. ही धांव आपण तीनदां पाहतों. पहिल्या खेपेस ती गोळी लागून मरते, दुसऱ्या खेपेस तो रुग्णवाहिकेखालीं सांपडतो, तिसऱ्या खेपेस दोघेंही वांचतात. सर्व कारभार सुमारें ८० मिनिटांचा.

आमच्या आक्षेपकांपैकीं बहुतेक जण गाण्याच्या मैफलीस आवर्जून जाणारे आहेत. बडा ख्याल संपवून गवई द्रुत बंदिशीकडे वळला म्हणजे ‘राग संपला, आतां उरली ती नुसती घाई’ असें म्हणून त्यांतील कोणी उठून गेल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तराण्याला तर अर्थवाही शब्दही नसतात. त्याचा संदेश काय, असें विचारणाऱ्यास हीच मंडळी अरसिक ठरवतील. मग पडद्यावर लय द्रुत झाली कीं यांचें रसिकत्व जातें कोठें? संथ चित्रपट तेवढा खोल आणि चपळ तेवढा उथळ, हें माप कोणत्या बाजारांतून आणलें? पाणी स्थिर असलें म्हणजे तें खोलच असतें असें नाहीं. डबकेंही स्थिरच असतें. फडके-खांडेकरांचा ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद आमच्या घराघरांतून अजून मिटलेला नाहीं, आणि त्याचें एक फळ हें कीं कलाकृति पाहण्यापूर्वींच तिला कोणत्या कप्प्यांत घालावयाचें हें आम्ही ठरवून ठेवतों.

आमचा आवेश वाचकांस अधिक वाटत असेल तर त्याचें कारणही सांगून टाकूं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, नुकतेच अध्यापक झालों असतां, हेंच वाक्य आम्हींही उच्चारलें होतें, आणि तेंही भर वर्गांत. एका विद्यार्थ्यानें या चित्रपटावर निबंध लिहून आणला होता. ‘विषय गंभीर निवडावा’ असा शेरा मारून आम्हीं तो परत केला. निबंध आम्हीं पुरता वाचलाही नव्हता. पुढें त्या मुलानें आमच्याकडे कांहीं लिहून आणलें नाहीं.

आतां आशयच पाहूं. लोलाला मान्नीकडे वेळेवर पोंचतां आलें नाहीं म्हणून हा सारा अनर्थ ओढवला. तिची दुचाकी चोरीस गेली, तिनें टॅक्सी केली, आणि टॅक्सीवाल्यानें तिला त्याच नांवाच्या भलत्याच रस्त्यावर नेलें. कारण ग्रूनेवाल्डश्ट्रासे या नांवाचा रस्ता पूर्व बर्लिनमध्यें निराळा होता! भिंत १९८९ सालीं कोसळली, १९९० सालीं देश एक झाला, तरी एकाच नांवाचे दोन रस्ते शहरांत उरले, आणि त्या गोंधळांत एका तरुणाचा जीव टांगणीस लागला. पुढें लोला ज्या ओबरबाउम पुलाच्या कमानींखालून धांवते तो फाळणीच्या काळीं सरहद्दीचें नाकें होता. वाहनांसाठीं तो १९९४ सालीं पुन्हां खुला झाला. ती ज्या क्रमानें बर्लिनचे रस्ते ओलांडते तो क्रम नकाशाशीं जुळत नाहीं अशी तक्रार ते शहर जाणणारे करतात, व ती खरी आहे. परंतु ज्या शहराचे तुकडे इतरांनीं पाडले त्याचे तुकडे एका मुलीनें आपल्या पायांनीं हवे तसे जोडले तर त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं.

‘हा तर खेळ! एक डाव हरला कीं दुसरा मांडावयाचा,’ असें एका प्राध्यापक-मित्रानें म्हटलें. त्यांनीं पिस्तुलाकडे लक्ष दिलें नसावें. पहिल्या खेपेस लोलाच्या हातीं पिस्तूल येतें तेव्हां त्याचा खटका कसा सोडावा हें तिला ठाऊक नसतें. मान्नी तिला तें सांगतो. दुसऱ्या खेपेस, बापाच्या बँकेंत, तिचा हात तो खटका आपण होऊन सोडतो. तिला कांहीं आठवत नाहीं, हाताला आठवतें. पूर्वसंस्कार मानणाऱ्या आमच्या समाजास हें सांगावें लागावें याचें नवल वाटतें.

आणि जेथें धांव थांबते तेथें कोणाचें लक्ष गेलें? दोन खेपांच्या मध्यें तांबड्या उजेडांत तीं दोघें निजून बोलतात. न ठेका, न घाई. तूं माझ्यावर प्रेम करतोस तें मीच आहें म्हणून कीं दुसरी कोणी असती तरी चाललें असतें, असें लोला विचारते. पुढें मान्नी विचारतो, मी मेलों तर तूं काय करशील? दोघांसही समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. मग ती पुन्हां धांवते. शब्दांनीं जें सिद्ध होत नाहीं तें ती पायांनीं सिद्ध करूं पाहते, आणि आमचे रसिक म्हणतात, वेगापलीकडे कांहीं नाहीं! लोला वा मान्नी ज्यांत नाहींत असे प्रसंग व्हिडिओवर टिपून मुद्दाम फिके ठेवले आहेत. एका गृहस्थांनीं त्याबद्दल ‘छायाचित्रण बेशिस्त’ असा शेरा दिला. या दोघांवांचून जग कसें निस्तेज दिसतें, हें दाखविण्यास याहून शिस्त ती कोणती?

या कथेवरून २०२२ सालीं ‘लूप लपेटा’ नांवाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यांत धांव गोव्याची, आणि नायक-नायिकेच्या नांवांवर सावित्री-सत्यवानाची छाया. दोन तासांहून अधिक वेळ घेऊन त्यानें सर्व उलगडून सांगितलें, म्हणून तो अधिक आशयघन असें म्हणणारेही भेटले! मूळ सावित्री यमाच्या मागोमाग वाद घालीत चालली. लोलाजवळ वादास वेळ नाहीं. आशय उलगडून सांगितल्यानें वाढत नाहीं, एवढें तरी मान्य व्हावें.

सर्वच आक्षेप पोकळ आहेत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. लोलाला वाटेंत धक्का लागलेल्या माणसांचीं पुढील आयुष्यें चार-सहा छायाचित्रांत झरझर दाखविलीं आहेत. बाबागाडीवाल्या त्या बाईचें मूल एका खेपेस हिरावलें जातें, दुसऱ्या खेपेस तिला सोडतींत पैसा लागतो. ज्या प्रसंगावर कादंबरीकारानें रात्री जागविल्या असत्या त्यावर येथें हंशा पिकतो, आणि तो हंशा आम्हांस अजून रुचत नाहीं. जुगाराच्या अड्ड्यांत लोला किंकाळी फोडते, कांचा फुटतात, आणि चेंडू पुन्हां २० या आंकड्यावर जाऊन बसतो; तेथेंही दिग्दर्शकानें सवलत घेतली असें ज्यांस वाटतें त्यांच्याशीं आम्ही भांडत नाहीं. पण त्यांनीं पुढील दोन मिनिटें पाहावयास हवीं होतीं. लोला पैसे घेऊन येते तेव्हां मान्नीनें आपली पिशवी भणंगाकडून परत मिळवून ती गुंडाच्या हवाली केलेलीही असते. जिच्यासाठीं एवढा आकांत झाला ती रक्कम आतां कोणासच नको आहे. तो सहज विचारतो, या पिशवींत काय आहे? ती कांहीं बोलत नाहीं, आणि चित्रपट तेथेंच संपतो.

‘शेवट अर्धवट सोडला आहे, पिशवींत काय होतें तें कळलें पाहिजे होतें,’ असें जिन्यावर एक सद्‌गृहस्थ आम्हांस म्हणाले. ते पैसे मोजले गेले तेव्हां ते आमच्या शेजारच्या खुर्चींत बसून टेलिफोन पाहत होते.