पडद्यावरचं दारं धरणं

सुट्टी लागली की या सदराकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांचा नूर बदलतो. एरवी अभ्यास, उंची, डोळ्यांचा नंबर. सुट्टीत मोबाईल आणि खेळ. टिळकवाडीतल्या एका आईनं यावेळी लिहिलंय, "बाई, मुलाच्या मामानं त्याचा प्लेस्टेशन ४ आमच्याकडे आणून ठेवलाय. त्यात 'पिक्सेलजंक शूटर' नावाचा खेळ आहे. नावातच शूटर! मुलगा दहा वर्षांचा. खेळू द्यावं की कपाटात कुलपात घालावं?" त्याच कागदाच्या खाली वेगळ्या अक्षरात वडिलांची ओळ आहे, "आणि या खेळाची तबकडी नसते म्हणे. मग पैसे मोजून माणूस घेतो तरी काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हा खेळ मी स्वतः खेळले आहे, नातवाच्या शेजारी बसून, चष्मा कपाळावर चढवून. त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

तर खेळ असा. कुठल्याशा ग्रहाच्या पोटात खाणी आहेत. तिथं गेलेले शास्त्रज्ञ आणि खाणकामगार गुहांतून अडकून पडलेत. आपल्या हाती एक छोटंसं पिवळं यान. ते भुयारातून उडवत न्यायचं, त्याच्या खालून एक आकडा सुटतो त्यानं माणूस अलगद उचलायचा, आणि एका दालनातल्या सगळ्यांचा हिशेब लागला की पुढचं दार उघडतं. यानाला क्षेपणास्त्रं आहेत, हे खरं. गुहेत अंगावर येणारे किडेमकोडे आहेत, त्यांना उडवावं लागतं, हेही खरं. पण बहुतेक गोळ्या मऊ खडकावर झाडायच्या असतात. कारण त्या खडकाच्या मागे काहीतरी तुंबलेलं असतं. पाणी, नाहीतर लाव्हा.

इथून पुढे हा खेळ इतरांपेक्षा वेगळा होतो. खडक फुटला की पाणी खरोखर वाहतं. चित्रातलं ठरीव पाणी नव्हे. भोक जेवढं पाडाल तेवढीच धार, उतार जिकडे तिकडे ओघ, खळगा दिसला की भरून पुढे. लाव्हा जड, आळशी, पाकासारखा ओघळतो. यान त्याच्या जवळ गेलं की तापतं, फार तापलं की ताबा सुटून कोसळतं. पाण्यात बुडी मारली की निवतं. पाणी लाव्हावर पडलं की काळा खडक तयार होतो, आणि तो खडक पुन्हा फोडता येतो. बर्फावर लाव्हा सोडला तर बर्फाचं पाणी होतं. ज्वलनशील वायूला लाव्हा लागला तर भडका. पुढे एक काळा द्रवही येतो, लोहचुंबकाकडे ओढला जाणारा. ती काही निव्वळ कल्पना नाही. असा द्रव, फेरोफ्लुइड, नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली तयार केला होता. वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकानं पंपाकडे ओढून आणता येईल का, हा त्यामागचा विचार होता.

आमचं आजोळ चिकोडीकडचं. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी मी लहानपणी तासन् तास पाहिला आहे. पाटाच्या कडेला उभा राहून तो आधी नुसता बघायचा. कुठली सरी भरली, कुठल्या वरंब्याला पाझर लागलाय, पाणी कुठं दम खातंय. मग कुदळीचा एकच घाव, चिखलाचा एक गोळा इकडचा तिकडे, आणि पाण्यानं मुकाट्यानं वाट बदललेली. घाई करणाऱ्याचा ऊस कोरडा राहायचा आणि शेजाऱ्याचं शिवार भरायचं. हा खेळ खेळताना मला सारखा तो गडी आठवत होता. क्षेपणास्त्र म्हणजे तिथली कुदळ. एका कपारीवर दोन कामगार बसलेत, खाली लाव्हाचं डबकं, वर खडकामागे तुंबलेलं पाणी. खडक उजवीकडून फोडला तर पाणी लाव्हावर पडून पूल तयार होतो. डावीकडून फोडला तर ते दुसऱ्याच भुयारात निघून जातं. आणि एकदा निघून गेलेलं पाणी परत वर चढत नाही, हे नातवाला सांगायची गरज पडली नाही. त्याला ते दिसलं.

पण पडद्यावर पाणी वाहवणं दिसतं तितकं सोपं नाही. वाहत्या द्रवाचं गणित फ्रान्सच्या नॅव्हिए यांनी १८२२ च्या सुमाराला आणि पुढे १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या स्टोक्स यांनी मांडलं. दोघांच्या नावानं ओळखली जाणारी ती समीकरणं इतकी चिवट, की तीन मितींत त्यांना नेहमीच सुरळीत उत्तर असतं का, एवढं सिद्ध करणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेनं २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. हवामानखातं आणि विमानं बनवणारे महासंगणकावर त्यांची जवळपासची उत्तरं काढतात. खेळाला तेवढी सवड कुठली? तिथं सेकंदाला साठ चित्रं काढायची असतात.

मग युक्ती काय? पाणी म्हणजे पाणी न धरता कण धरायचे. समजा, ताटात मोहरी ओतली. प्रत्येक दाण्याला एवढंच ठाऊक हवं की आपण कुठं आहोत, किती वेगानं चाललोय आणि लगतचे दाणे कोण. फार दाटी झाली तर ढकलायचं, लाव्हा असेल तर जरा चिकटून राहायचं. असे हजारो दाणे एकदम हलले की डोळ्याला ते पाणी वाटतं. त्यावर चकाकी चढवली की झालं. द्रव कणांनी मोजण्याची एक पद्धत १९७७ साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी निघाली होती. आकाशातल्या वायूच्या गोळ्यांसाठी रचलेला विचार मुलांच्या खेळण्यापर्यंत पोचला, याची मला गंमत वाटते.

मूळ खेळ निघाला तो प्लेस्टेशन ३ साठी, डिसेंबर २००९ मध्ये. त्या यंत्रातली 'सेल' नावाची चिप विचित्र होती. एक मुख्य कारभारी, आणि हाताखाली खेळासाठी वापरता येतील असे सहा गडी. गडी झपाट्यानं काम करणारे, पण प्रत्येकाला काम नीट वाटून, पुढ्यात नेऊन द्यावं लागे. बऱ्याच खेळकर्त्यांनी या चिपच्या नावानं बोटं मोडली. कणांचं पाणी मात्र अशा वाटणीला सोयीचं. हजारो दाण्यांचा ढीग, प्रत्येकाला सारखाच हिशेब, घ्या वाटून. सगळ्यांनी नावं ठेवलेल्या यंत्रात नेमकं काय चांगलं आहे ते ओळखून त्याभोवती खेळ रचला, याला मी खरी कारागिरी म्हणेन.

ही मंडळी जपानमधल्या क्योतोची. कंपनीचं नाव क्यू-गेम्स, स्थापना २००१ ची. संस्थापक डिलन कथबर्ट हे मूळचे इंग्लंडचे. विशीच्या आसपास असताना ते निन्तेंदोबरोबर काम करायला क्योतोला गेले आणि १९९३ साली आलेल्या 'स्टार फॉक्स'च्या प्रोग्रामरांपैकी एक झाले. घरच्या टीव्हीवर घनाकृती याने उडवणारा तो त्या काळातला मोठा गाजलेला खेळ. पुढे त्यांनी उलट वाट धरली. मोठ्या खर्चाच्या, शंभर-दोनशे माणसांच्या खेळांऐवजी लहान चमू, लहान खेळ, दुकानात तबकडी न ठेवता थेट यंत्रावर उतरवून घ्यायचे. 'पिक्सेलजंक' मालिका ती हीच. २००७ पासून त्यात मोटारी आल्या, राक्षसांपासून पिलांना वाचवणं आलं, बागा आल्या. 'शूटर' त्यातला सगळ्यात वाहता.

आणि लाव्हावर पाणी ओतून वाट काढणं ही खेळातलीच थाप आहे असं कोणी समजू नये. आइसलँडच्या दक्षिणेला हेमाए नावाचं बेट आहे. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटेच्या अंधारात तिथल्या गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि लाव्हा उसळू लागला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी योगायोगानं बंदरातच होत्या, म्हणून पाच हजारांच्या वर माणसं त्याच रात्री सुखरूप निघाली. पण लाव्हा बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला. बंदर बुजलं असतं तर गावाला परत येऊन करायचं काय? पोट सगळं मासळीवर. तेव्हा तिथल्या लोकांनी समुद्राचं पाणी पंपांनी उचलून लाव्हाच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. थोडंथोडकं नव्हे, एकूण सुमारे साठ लाख घनमीटर. शेकडो घरं गेली, विषारी वायूनं एक माणूस दगावला, पण बंदर वाचलं. जुलैमध्ये उद्रेक थांबला तेव्हा थिजलेल्या लाव्हाची भिंत बंदराला आडोसा देत उभी होती.

यामागचं शास्त्र आठवी-नववीच्या पुस्तकातलंच. एक किलो पाणी गोठणबिंदूपासून उकळबिंदूपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागते. ती सगळी लाव्हाकडून ओढली जाते. वर्गात मी हे फळ्यावर अनेक वर्षं लिहिलं आणि मुलांनी ते परीक्षेपुरतं ध्यानात ठेवलं. खेळातल्या काळ्या खडकानंतर नातवानं आपणहून विचारलं, "आजी, एवढ्याशा पाण्यानं एवढा लाव्हा कसा गं थिजतो?" खेळातलं प्रमाण खोटंच आहे, तिथं घोटभर पाण्यात डोंगर थिजतो. पण प्रश्न खरा होता.

आता मूळ मुद्दा, गोळीबाराचा. ताई, तुमची धास्ती मला परकी नाही. माणसं टिपून गुण मिळवण्याचे खेळ दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, हे माझं मत कायम आहे. 'हा नुसता खेळ आहे' या सबबीनं ते बदलणार नाही. इथं मात्र मोजदाद उलटी आहे. वाचवलेली माणसं मोजली जातात. चुकून आपली गोळी लागली तरी कामगार मरतो, आणि फार जण गमावले तर डाव संपतो. एकदा नातवानं घाईनं नको तो खडक फोडला. लाव्हा संथपणे उतरत गेला आणि खालच्या कपारीत हात हलवत बसलेला इवलासा माणूस त्यात गडप झाला. रक्त नाही, किंकाळी नाही. पण पोरगं कंट्रोलर मांडीवर ठेवून गप्प बसलं. मग म्हणालं, "मला तो दिसलाच नव्हता." पुढच्या दालनात यान दाराशीच थांबवून त्यानं आधी सगळी गुहा नजरेखालून घातली. दारं धरणाऱ्या गड्यासारखी.

म्हणून माझं उत्तर, खेळू द्या. मात्र एकट्याला नको. दोन जणांनी एकाच पडद्यावर, दोन यानं घेऊन खेळायची सोय त्यात आहे. दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या. सुरुवातीला तुमचं यान भिंतींवर आपटेल, मुलगा हसेल, हसू द्या. दोष सांगायचे तर टप्प्याच्या शेवटी येणारे अवाढव्य शत्रू मला रटाळ वाटले. तिथं पाणी बाजूला राहतं आणि नेहमीची मारामारी सुरू होते. २०११ च्या दुसऱ्या भागात नवे द्रव इतके आलेत की डोकं गरगरतं. आणि एक-दोन दालनं झाली की बंद, हा नियम आधीच ठरवा. मध्येच ठरवलेला नियम कुठलंच मूल पाळत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. तबकडी नसलेला खेळ घेतला म्हणजे तो खेळायची परवानगी घेतली, वस्तू नव्हे. दुकान चालू तोवर ती पुन्हा उतरवून घेता येते. निन्तेंदोच्या 'वी' या यंत्राचं असं दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. मार्च २०२१ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ३ चंही दुकान त्याच उन्हाळ्यात बंद करणार असल्याचं जाहीर केलं. लोकांनी ओरड केली तेव्हा एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला. तुमच्याकडे आहे ती आवृत्ती बहुधा २०१४ ची 'अल्टिमेट' असावी, जिच्यात दोन्ही भाग एकत्र आहेत. ती यंत्रावर उतरलेली असेल तर जागा कमी पडते म्हणून पुसू नका. आणि ज्या खात्यावर खेळ घेतलाय त्याचा पासवर्ड मामाकडून मागून घेऊन घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. फोन बदलला की मामालाही तो आठवणार नाही.