गुजरातने घडवलं, करंडक दुसऱ्यांनी नेला

चार क्रीडाप्रेमी एकत्र बसले की ‘आपल्याला सगळ्यात जास्त निराश कुणी केलं’ हा विषय निघतोच. सुरतच्या भेस्तानमध्ये तो निघाला की आधी ‘आपला संघ कोणता’ यावरच वाद होतो. सुरतच्या नावाचा संघ ना आयपीएलमध्ये आहे, ना प्रो कबड्डीत. त्यात धुळे, नंदुरबार, जळगावहून येऊन उधना, पांडेसरा, डिंडोली, भेस्तान या पट्ट्यात वसलेल्या आपल्या माणसांच्या निष्ठाही वाटल्या गेलेल्या. बाप यू मुंबाचा, काका पुणेरी पलटणचा आणि इथेच जन्मलेला, गुजराती शाळेत शिकलेला पोरगा गुजरातचा. एका घरात हे तिन्ही सापडतात.

क्रिकेटवाले लगेच गुजरात लायन्सचं नाव घेतात. त्यांचं दुःख खरं आहे. २०१६ मध्ये सुरेश रैनाचा तो संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि अंतिम फेरीत जायच्या दोन्ही संधी त्याने घालवल्या. बंगळुरूत डिव्हिलियर्सने सामना ओढून नेला, दिल्लीत वॉर्नरने. पुढच्या वर्षी संघ सातवा आला आणि मग तो राहिलाच नाही. पण तो मुळातच दोन वर्षांचा पाहुणा होता. त्याच्यात आपला जीव फार अडकला नव्हता.

जीव अडकला तो कबड्डीत. हा खेळ आपण गावाहून बरोबर आणलेला. म्हणून २०१७ मध्ये गुजरात फॉर्च्युनजायंट्स हा नवा संघ उतरला तेव्हा मुंबा-पलटणवाले जुने लोकही हळूहळू त्याच्याकडे वळले. खरं तर त्या संघाने वळवलं. चढाईत सचिन, अजून मिसरूड न फुटलेलं वाटावं असं पोर. बचावात इराणचे फजल अत्राचली आणि अबोझर, त्यांच्या जोडीला सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल. प्रशिक्षक मनप्रीतसिंग, ज्याने पाटण्याचा कर्णधार म्हणून आदल्याच वर्षी विजेतेपद घेतलेलं. त्या संघाची पकड बघण्यासारखी होती. चढाईवाला आत शिरला की कोपरा हलायचा नाही, वाट बघायचा. त्याने बोनससाठी पाय टाकला की फजल घोट्याला आणि मागून कव्हर अंगावर. चांगली पकड चढाईइतकीच देखणी असते, हे इथल्या पोरांना या संघाने शिकवलं.

पहिल्याच वर्षी गटात अव्वल. क्वालिफायरमध्ये बंगालला ४२–१७ असं धुतलं. आणि २८ ऑक्टोबरला चेन्नईतल्या अंतिम सामन्यात पाटण्याकडून ३८–५५. प्रदीप नरवालने चढायांत १९ गुण घेतले. त्या वर्षी त्याची डुबकी कुणालाच सापडत नव्हती, त्यामुळे या पराभवाचं मी कधी वाईट मानलं नाही. नव्या संघाने अंतिम फेरी गाठली हेच खूप होतं.

खरी जखम पुढच्या हंगामाची. फजल यू मुंबाने एक कोटीला उचलला, अबोझर गेला, तरी सुनीलच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा गटात पहिला. ५ जानेवारी २०१९, शनिवार, मुंबईत वरळीच्या डोममध्ये बंगळुरू बुल्सशी अंतिम सामना. इकडे स्टेशनकडच्या चहाच्या टपरीवर रातपाळीला निघालेली पोरं डबा हातात धरून थांबली होती. यंत्रमागाच्या खात्यावर वेळेत पोचलं नाही तर साचे बंद राहणार, शेठ बोलणार, हे माहीत असून. टपरीवाल्याचा मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, त्यावर सामना. मध्यंतराला गुजरात १६–९. लोण चढवलेलं, सात गुणांची आघाडी. एक जण पैसे देऊन निघालासुद्धा, आता काय, जिंकलोच म्हणून.

मग पवन सेहरावत सुटला. एकट्याने सामन्यात २२ गुण. उत्तरार्धात बंगळुरूने २९ गुण मिळवले, गुजरातने १७. जो बचाव वाट बघायला शिकवत होता, तोच उतावळा झाला. पवन मध्यरेषेवरून फिरायला लागला की परवेश पुढे झेप घ्यायचा, आणि एकाच्या चुकीत दोघे-तिघे बाद. ३३–३८. टपरीवर कुणी मोठ्याने बोललं नाही. ‘आते काय व्हई भो?’ एवढंच एक जण म्हणाला आणि सगळे खात्याकडे चालू लागले.

सलग दोन अंतिम सामने हरणं वाईटच. पण माझी तक्रार त्या रात्रीपुरती असती तर हा लेख लिहिला नसता. हरणारे पुन्हा उभे राहतात. पुणेरी पलटण २०२२ मध्ये मुंबईत अंतिम सामना हरली, पण प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना तिने सोडलं नाही, अस्लम इनामदारसारख्या आपल्या पोरांवर विश्वास ठेवला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८–२५ हरवून करंडक नेला. गुजरातचं काय झालं ते बघा. २०१९ मध्ये बारा संघांत नववा. सचिन पाटण्याला गेला. सुनील जयपूरला गेला आणि २०२२ मध्ये कर्णधार म्हणून त्याने करंडक उचलला. समोर हरलेल्या पलटणचा कर्णधार होता फजल. म्हणजे गुजरातच्या एका बचावफळीतले दोघे मुंबईत कर्णधार म्हणून आमनेसामने, आणि गुजरात त्या सामन्यात नाही. मनप्रीतने चार हंगामांनंतर हरियाणाची जबाबदारी घेतली. तिथेही तो एक अंतिम सामना हरला, हरियाणाने त्याला ठेवलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत पाटण्याला ३२–२३ हरवून तो विजेता प्रशिक्षक झाला. त्या रात्री मला मनापासून आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं.

पैशांची कमी होती असं म्हणावं तर तसंही नाही. २०२५ च्या लिलावात गुजरातने महंमदरेझा शादलूला २ कोटी २३ लाखांना घेतलं. आधीच्या दोन हंगामांत तो आधी पुण्याकडून आणि मग हरियाणाकडून विजेता ठरला होता. गुजरातकडे आला आणि संघ पहिल्या आठांतही आला नाही. यात दोष शादलूचा नाही. बचाव ही चार-पाच जणांची साखळी असते, ती एकमेकांचा श्वास ओळखायला लागते तेव्हा कुठे पकड बसते. दर लिलावात नवी माणसं आणून साखळी जुळत नाही. हे कबड्डी खेळलेल्या कुठल्याही माणसाला कळतं, संघ चालवणाऱ्यांना का कळू नये?

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. तळाला राहणाऱ्या संघावर राग येतो आणि विरतो. सगळ्यात जास्त निराश तोच करतो ज्याने आधी आशा लावली. आपल्याला निराश करणाऱ्यांत पहिलं नाव गुजरातच्या कबड्डी संघाचं. कुणा एका खेळाडूकडे मी बोट दाखवणार नाही, ना परवेशकडे, ना सचिनकडे. जुळलेला संघ ज्यांनी विखुरू दिला, त्यांच्याकडे दाखवेन.

संघाच्या मालकांना एवढीच विनंती आहे की पुढच्या लिलावात नवं मोठं नाव शोधण्याआधी हातात असलेले चार चांगले बचावपटू तीन हंगाम तरी धरून ठेवा. आणि जमलं तर एकदा पांडेसरा-भेस्तानकडे चढाईवाले शोधायला या. रातपाळी करूनही सकाळी मैदानात उतरणारी पोरं इथे आहेत.