मन आजारी पडले तर जायचे कोणाकडे?

धाड परिसरातल्या एखाद्या घरात तरुण पोरगा रात्र रात्र जागू लागला, स्वतःशीच बोलू लागला, किंवा बाळंतपणानंतर सून हसेनाशी-बोलेनाशी झाली, की वडीलधारी माणसे पहिला सल्ला कोणता देतात? 'सैलानीला घेऊन जा.' डॉक्टर आठवतो तो वर्ष-दोन वर्षांनी, डोक्यावर कर्ज झाल्यावर. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा आपल्याच बुलडाणा तालुक्यातला. होळीच्या यात्रेत तेथे नारळांची होळी पेटते आणि सर्व जातिधर्मांचे लोक गर्दी करतात. आमचेही करतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि पोराच्या दंडाला ताईत, हे चित्र आम्हाला नवे नाही. कोणाच्या श्रद्धेशी आम्हाला येथे भांडण करायचे नाही. प्रश्न आहे तो वाया जाणाऱ्या वेळेचा आणि पायातल्या साखळीचा.

साखळी काय करते हे देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली. बांधून ठेवलेल्यांना पळताच आले नाही. २८ माणसे जळून मेली. पुढे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आला. त्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर सरकारला हा कायदा करण्याची जाग आली, हेही विसरू नये.

कायदा आहे, पण माणसाला दार ठाऊक नाही. 'मेंदूचा डॉक्टर' म्हणून लोक भलत्याच दवाखान्यात पैसे घालून येतात. फिट येणे, लकवा मारणे हे मेंदूरोगतज्ज्ञाचे काम. भास होणे, संशय घेणे, महिनोन्महिने उदास राहणे, जीव द्यावासा वाटणे, यासाठी मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस होतो, मग या विषयात एमडी किंवा पदविका घेतो. औषध लिहून देणारा हाच. त्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात; आठ दिवसांत फरक नाही म्हणून किंवा 'सवय लागेल' या भीतीने गोळ्या परस्पर बंद करणारे पुन्हा बाबाकडे वळतात.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा वेगळा. तो औषध देत नाही. चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, आणि १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेत त्याची नोंदणी असावी लागते. मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता घर, पैसा, नोकरी, नातेवाईक यांची घडी बसवतो. गरिबाला त्याची गरज सर्वात जास्त, आणि नेमके त्याचेच नाव आपल्याकडे कोणाला माहीत नसते. राहिला समुपदेशक. संसारातली भांडणे, परीक्षेचा ताण, दारू सोडण्याची धडपड, यांत चांगला समुपदेशक फार उपयोगी पडतो. पण दोन-तीन महिन्यांचा वर्ग करूनही ही पाटी लावणारे आहेत. म्हणून शिक्षण काय आणि नोंदणी कोठे, हे विचारायला लाजू नका. वकिलाची सनद विचारता, मग इथे संकोच कशाचा?

आमच्या समाजासाठी आणखी एक कसोटी आम्ही लावतो. वसतिगृहात, कार्यालयात, रुग्णालयात जातीवरून रोज टोमणे खाणारी मुलगी झोप उडाली म्हणून उपचाराला गेली आणि समोरचा म्हणाला, 'जातीबितीचा विचार मनातून काढून टाका', तर तो तज्ज्ञ तिच्यासाठी निरुपयोगी आहे, त्याच्या पदव्या कितीही असोत. २०१९ मध्ये मुंबईत शिकणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली, तेव्हा जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली होती. अशा मुलीला ऐकून घेणारा तज्ज्ञ हवाच. सोबत ॲट्रॉसिटी कायदा जाणणारा वकीलही हवा. गोळीने झोप येईल, छळणारा थांबणार नाही. आणि उलटेही खरे आहे: मोर्चाने आजार बरा होत नाही.

कोर्टात आम्ही दुसरा प्रकार पाहतो. बायको नांदवायची नसली की 'ती वेडी आहे' असे लिहून दिले जाते. २०१७ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की सामाजिक दर्जावरून किंवा समाजाच्या चालीरीती मानत नाही म्हणून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. उपचार घेतला एवढ्याने माणूस कायद्याने वेडा ठरत नाही. ते ठरवणे सक्षम न्यायालयाचे काम.

खर्चाचे म्हणाल तर कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा हक्क केला आहे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ती मोफत आहे. कलम २७ ने मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सरकारने प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात बुलडाणा होता. तरीही धाडच्या माणसाला तज्ज्ञासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून बुलडाणा गाठावे लागत असेल, तर हक्क कागदावरच राहिला.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा प्रयोग झाला. मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना दर्ग्याच्या आवारातच उघडला आणि मुजावरांनाच रुग्ण ओळखून तिकडे पाठवायला शिकवले. कोणाची दुआ थांबली नाही, गोळ्या मात्र सुरू झाल्या. सैलानीत असा कायमचा दवाखाना आणि धाडला ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ, या दोन मागण्यांचा ठराव प्रत्येक गावच्या ग्रामसभेत मांडावा आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पोहोच घेऊन द्यावी.