नियम सैल नकोत, दाते हवेत

मे महिना उजाडला की महाविद्यालये बंद होतात, नागरिक गावोगाव पांगतात आणि मुंबईच्या रक्तपेढ्यांत टंचाईची ओरड सुरू होते. अशा वेळी दात्यांच्या निवडीचे नियम थोडे सैल करावेत, असे सुचविले जाते. ही सूचना आम्हांस मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रयावर बंदी आली, ती रुग्णाच्या रक्षणासाठीच. प्रत्येक पिशवीतील रक्ताची चाचणी होते हे खरे. परंतु अगदी ताजा संसर्ग चाचणीत उमटतोच असे नाही. म्हणून दात्याचे सत्यकथन हीच पहिली तटबंदी होय.

मात्र टंचाई ही तटबंदी आतून पोखरते. ‘आधी बदली रक्तदाता आणा’ असे ज्यास बजावले आहे, तो आप्त आपले दुखणे सांगेल, की लपवील? नियम आणि पुरवठा यांचा खरा मेळ स्वेच्छेने व नियमितपणे येणाऱ्या दात्यांमुळेच बसेल. दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमांहून कमी, म्हणून कित्येक स्त्रिया परत पाठविल्या जातात. ते योग्यच, परंतु त्यांना उपचाराची वाट दाखवून पुन्हा बोलावणे हेही रक्तपेढीचे कर्तव्य नव्हे काय?

पुरुषास तीन महिन्यांनी, स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. धडधाकट सुशिक्षितांनी वर्षातून दोनदा, आणि त्यांतील एकदा मे महिन्यात, रक्तपेढीची पायरी चढावी. मग नियम सैल करण्याची भाषा कोणासच करावी लागणार नाही.